न दुखणारी जखम

[बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. भाताची रोप लावण, पोटऱ्यांपर्यंत चिखल.]

रोप लावताना पाय दिवसभर पाण्यात असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. आग होते म्हणूनच माणूस रात्री पाय पुसून कोरडे करतो. अंगात साखर मुरलेल्या, म्हणजे जुना मधुमेह असलेल्या कित्येकांना ही आगच जाणवत नाही. फटीतून जंतू शिरतात आणि पत्ता लागतो तो मोज्याला डाग पडल्यावर.

“पाय बधिर आहेत का?” असं विचारलं की बरेच जण नाही म्हणतात. “चालताना चप्पल निसटली तर कळतं का?” असं विचारा. मराठीत विचारा की कन्नडमध्ये, खरं उत्तर मिळतं.

[तळपाय, अगदी जवळून. नायलॉनचा धागा.]

हा धागा 10 ग्रॅम दाबाला वाकतो. डोळे मिटायला सांगून तो अंगठ्याखाली, मग अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी वाकेपर्यंत टेकवायचा. एका जागी तीनदा विचारायचं, त्यात एकदा न टेकवताच. घट्ट्यावर टेकवू नये. तिथं चांगल्या पायालाही कळत नाही.

नंतर पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी. ती लागली नाही तर घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागायचं. 0.9 पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. साखरेनं वाहिन्या कडक झाल्या की मात्र आकडा फसवा, 1.3 च्याही वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा.

[ड्रेसिंग रूम.]

सलाईननं धुवून कडेचा घट्टा डॉक्टरांनी तासल्यावरच जखमेचं खरं तोंड दिसतं. घरी ब्लेड लावू नये; हळद, चुना, तंबाखूची पूडही नको. डॉक्टरांची तपासायची बोथट सळई आत टक्क करून हाडाला लागली, तर हाडात जंतू गेल्याची दाट शंका घ्यावी.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती जखमेवरचा भार उतरवण्याची. ड्रेसिंग रोज नवं, आणि माणूस त्याच पायानं उसाच्या फडात. प्रत्येक पावलाला जखम चिरडते, मग भरणार कशी? तळव्याच्या जखमेला गुडघ्यापर्यंतचं, काढता न येणारं प्लास्टर सर्वांत गुणकारी. जंतुसंसर्ग जोरात असेल किंवा रक्तपुरवठा फार कमी असेल, तर ते घालत नाहीत.

निपाणी-अथणीकडची कोल्हापुरी चप्पल देखणी खरी, पण तिचा तळ कडक आणि अंगठा घट्ट. बधिर पायाला ती नकोच. मायक्रोसेल्युलर म्हणजे मऊ, स्पंजासारख्या रबराची, मागं पट्टा असलेली चप्पल घ्यावी.

[वहीत मोजमाप.]

जखमेची लांबी गुणिले रुंदी दर आठवड्याला लिहा. आज 4 बाय 3, म्हणजे 12 चौरस सेंटीमीटर. चार आठवड्यांनी ती 6 वर आली नाही, तर तेच ड्रेसिंग ओढत बसू नये. रक्तपुरवठा, हाड आणि भार पुन्हा तपासावा. लाली कडेपासून 2 सेंटीमीटरपलीकडे गेली, ताप आला किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी बेळगावचं इस्पितळ गाठावं, लावण अर्धी राहिली तरी.