'सपोर्ट दे' म्हणण्याआधी

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या सीमाभागात व्यायामाची आवड तालमीतून आली. तिथे वस्तादांची नजर प्रत्येक गड्यावर असे आणि जोडीदाराशिवाय लाल मातीत कुणी उतरत नसे. आज जिममधली मुले कानांत इअरफोन घालून एकटीच बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून बार वर ढकलण्याचा व्यायाम, करताना दिसतात, तेव्हा मला मनापासून काळजी वाटते.

ही काळजी अनुभवातून आलेली आहे. २० किलोचा बार आणि दोन्ही बाजूंना २० किलोची एकेक प्लेट, असे ६० किलो वजन घेऊन मी एकदा एकटाच आडवा झालो होतो. शेवटच्या रेपला, म्हणजे शेवटच्या आवर्तनाला, छातीवर आलेला बार पुन्हा वर गेलाच नाही आणि प्लेटा अडवणारे लॉक घट्ट लावलेले असल्यामुळे बार एका बाजूला कलवून प्लेटा पाडण्याचीही सोय उरली नव्हती. पलीकडे बैठका मारणारा एक तरुण धावून आला, म्हणून सुटलो.

बार अडकल्यावर 'सपोर्ट दे' असे ओरडण्यात अर्थ नाही. किती रेप काढणार, बार रॅकवरून उचलून हवा का आणि हात केव्हा लावायचा, हे स्पॉटरला, म्हणजे सपोर्ट द्यायला उभ्या राहणाऱ्या जोडीदाराला, सेट सुरू होण्यापूर्वीच सांगावे. त्याने डोक्यामागे उभे राहून हात बारच्या खाली, पण बारला न टेकवता, तयार ठेवावेत. बार मध्येच थांबला किंवा खाली येऊ लागला, तरच धरावा. उचलणाऱ्याने अंगठा बारभोवती वळवलेला असलाच पाहिजे, नाहीतर बार तळहातावरून निसटून थेट छातीवर येतो. डंबेल असतील तर कोपरांना नव्हे, मनगटांना आधार द्यावा. कोपर धरले तरी हात दुमडून डंबेल तोंडावर येऊ शकते.

स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन मारायच्या बैठकांत, स्पॉटर पाठीमागे असतो आणि बार ओढण्याऐवजी काखेखालून छातीला आधार देतो. वजन फार असेल, तर बारच्या दोन्ही टोकांना एकेक जण हवा, आणि दोघांनी एकाच वेळी उचलायला हवे. पॉवरलिफ्टिंग या वजन उचलण्याच्या स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मंचावर किमान २ आणि कमाल ५ स्पॉटर असतात. तिथल्या कसलेल्या खेळाडूंनाही सपोर्ट घेण्यात कमीपणा वाटत नाही. जमिनीवरून बार उचलायच्या डेडलिफ्टला मात्र स्पॉटर नको. तिथे बार खाली सोडता येतो.

बेंच प्रेसला सोबतीला कोणीच नसेल, तर पॉवर रॅकच्या, म्हणजे लोखंडी चौकटीच्या, बार अडवणाऱ्या सेफ्टी पिना छातीच्या किंचित खाली लावाव्यात आणि आधी रिकामा बार त्यांवर टेकवून उंची तपासावी.