कॅज्युअल्टीतली लॅब

रात्रीचे दोन वाजलेत. कॅज्युअल्टीत एक काका आलेत, लागोपाठ दोन डायलिसिस चुकलेत त्यांचे, धाप लागलीये, आणि ईसीजीवर टी वेव्ह नावाच्या लाटा सुळक्यांसारख्या उभ्या. डॉक्टरांना रक्तातलं पोटॅशियम वाढल्याची शंका येते. नॉर्मल 3.5 ते 5, सातच्या आसपास गेलं की हार्ट कधी दगा देईल सांगता येत नाही. कॅल्शियमचं इंजेक्शन ते ईसीजी बघूनच देतात, थांबत नाहीत, पण डायलिसिसवाल्यांना आत्ता झोपेतून उठवायचं का, हे आकड्यावर ठरतं.

आधी काय व्हायचं, सॅम्पल काढलं की मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना शोधा, मामा ट्यूब घेऊन मेन लॅबला जाणार, तिथे रक्त गोठायला अर्धा तास, मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज, मग कुठे मशीनचा नंबर, आणि इकडे काकू दर पाच मिनिटांनी सिस्टरला विचारतायत, रिपोर्ट आला का हो.

म्हणून ड्रेसिंग रूमशेजारची स्टोअररूम रिकामी केली. ओटा, बेसिन, यूपीएसची वेगळी लाईन, किट ठेवायला 2 ते 8 डिग्रीचा फ्रीज, हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन टेस्टचं छोटं मशीन आणि एबीजी, म्हणजे रक्तातले वायू मोजणारं मशीन. एबीजीला रक्त गोठवावं लागत नाही, हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या सिरिंजमधलं थोडंसं पुरतं, दोनेक मिनिटांत पोटॅशियम, शुगर, लॅक्टेट सगळं समोर.

मशीन बसवणं सोपंच होतं हो, खरी मेहनत माणसांची. ड्युटीवरच्या प्रत्येकाला शिकवावं लागलं. सिरिंजमधला बुडबुडा टिचकी मारून वर आणायचा आणि काढून टाकायचा, नाहीतर ऑक्सिजनचा आकडा चुकतो. रोज सकाळी क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय का ते तपासायचा नमुना लावायचा, तो रेंजबाहेर गेला तर पेशंटचं सॅम्पल लावायचंच नाही, कितीही घाई असू दे. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हिमोलिसिस. रक्त जोरात ओढलं की पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच वाढतं, मेन लॅबमध्ये लालसर सीरम बघून ते कळतं, इथे बहुतेक मशीनना कळतच नाही. म्हणून एक ट्यूब अजूनही मामांच्या हातात मेन लॅबला जातेच.

काकांचा आकडा आला, 7.1. डायलिसिस रूमला फोन गेलाय. सिस्टर मशीनमधून आलेली रिपोर्टची पट्टी केसपेपरला लावतात आणि शेजारी पेनाने तोच आकडा पुन्हा लिहितात, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.