कालव्याकाठची सॉल्ट्स मिल

हा समोर दिसतोय तो लीड्स-लिव्हरपूल कालवा, 127 मैल लांब, खणायला 46 वर्षं लागली आणि 1816 मध्ये पूर्ण झाला. आणि ही त्याला खेटून उभी असलेली पिवळसर दगडाची लांबच लांब भिंत बघा, ही सॉल्ट्स मिल. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात, ब्रॅडफर्डजवळ, सॉल्टेअर गावात.

टायटस सॉल्ट हा लोकरीचा गिरणीमालक. अल्पाका नावाच्या प्राण्याची लोकर कुणाला धड कातता येत नव्हती, लिव्हरपूलच्या गोदामात गठ्ठे पडून होते, ते यानं उचलले, उभा धागा सुताचा आणि आडवा अल्पाकाचा असं चकचकीत कापड काढलं आणि त्यावर अफाट पैसा कमावला. पण तेव्हाचं ब्रॅडफर्ड म्हणजे नुसता धूर आणि घाण, 1849 मध्ये कॉलरा आला तेव्हा हाच शहराचा मेयर होता. शेवटी त्यानं सगळ्या गिरण्या शहराबाहेर एका जागी आणल्या, एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला कालवा, म्हणजे माल यायला-जायला दोन्ही वाटा दारातच.

20 सप्टेंबर 1853, सॉल्टचा पन्नासावा वाढदिवस, त्या दिवशी गिरणी सुरू झाली. 545 फूट लांब, सहा मजली, आत 1200 माग! आतली रचना विल्यम फेअरबेर्न या इंजिनियरची, ओतीव लोखंडाचे खांब आणि विटांच्या कमानी, म्हणजे आग लागली तरी पसरू नये आणि यंत्रांचं वजन पेलावं. हे लक्षात ठेवा, पुढे हेच कामाला आलंय.

शेजारी कामगारांसाठी आठशेच्या वर घरं, शाळा, दवाखाना. दारूचा गुत्ता मात्र एकही नाही, सॉल्टला ते चालायचंच नाही. रस्त्यांना त्याच्या बायकोमुलांची नावं आहेत, म्हणजे तुम्ही काम कुणाचं करता हे घराच्या पत्त्यातसुद्धा लिहिलेलं. मला वाटतं तिथं राहणाऱ्याला सुखही होतं आणि धाकही होता.

मग कापडाचा धंदा बसत गेला आणि 1986 मध्ये माग कायमचे थांबले. एवढी अवाढव्य वास्तू, रिकामी. घेणार कोण?

1987 मध्ये जोनाथन सिल्व्हर या व्यावसायिकानं ती विकत घेतली. तेही ब्रॅडफर्डचेच, आणि त्याच वर्षी आत गॅलरी उघडली सुद्धा, ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या चित्रकार डेव्हिड हॉकनींच्या चित्रांची. सिल्व्हरनी इमारतीचं म्युझियम करून तिला कुलूपबंद नाही केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. गॅलरी, पुस्तकांचं दुकान, कॅफे, वरती ऑफिसं, सगळं एकाच छपराखाली आलं. मोठमोठे हॉल, उंच खिडक्या आणि मजबूत जमीन आधीच होती, यंत्रांसाठी बांधलेली, तिच्यावर आता पुस्तकांची कपाटं उभी आहेत. कालव्यापलीकडच्या न्यू मिलमध्येही फ्लॅट आणि ऑफिसं झाली. 2001 मध्ये अख्खं सॉल्टेअर जागतिक वारसा यादीत आलं.

सिल्व्हर मात्र ते बघायला नव्हते, 1997 मध्ये कॅन्सरनं गेले. आजारपणात हॉकनी त्यांना भेटायला यायचे, येता-जाता यॉर्कशायरचे रस्ते बघायचे आणि तेच चितारायला लागले. त्याच वर्षी हॉकनींनी ही गिरणीही चित्रात उतरवली, भोवतीच्या घरांच्या रांगांसकट.