खडा आला कुठून?

[पडद्यावर: लांबोटीचा पूल, खाली सीना नदीचं उन्हाळी पात्र]

पुण्याच्या हायवेनं सोलापूरला येणारे लोक लांबोटीला थांबतात ते चिवड्यासाठी. पुलाखाली कुणी उतरत नाही. आज आपण उतरू.

सोबत एवढंच: जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. पुलाच्या सावलीपासून दहा पावलं खालच्या अंगाला, कोरड्या वाळूवरून ते फिरवू. बघा, पिशवीच्या बुडाला काळी लव फुटल्यासारखे कण उभे राहिले. आता चुंबक बाहेर ओढलं, की चिमूटभर काळी पूड कागदावर. यातलं बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज.

हे कण इथले नाहीत. सीना नगरकडून येते, आणि तिथपासून इथपर्यंत सगळा काळा पाषाण, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजतो, ओढ्याओढ्यानं नदीत येतो. हलकं वाहून जातं, जड मागे रेंगाळतं. भीमेचंही तेच. म्हणून पंढरपूरच्या वाळवंटात गुलाबी ग्रॅनाइटचा खडा दिसला, तर तो नदीनं नव्हे, बहुधा ट्रकनं आणलेला समजा. ग्रॅनाइट आहे तो खाली, कर्नाटकात. आणि नदी उलटी वाहत नाही.

[पडद्यावर: सराफ बाजार, सकाळी झाडलोट चालू]

सराफ बाजारातले झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. दुकानापुढचा केर आणि गटारातला गाळ घमेल्यात घ्यायचा, पाण्यात हलवत हलवत माती सोडून द्यायची, तळाला पिवळा कण उरतो का बघायचं. खनिज शोधणारा भूवैज्ञानिक नदीचा गाळ असाच धुतो. फरक एवढाच, की झारेकऱ्याला दुकान आधीच माहीत असतं. भूवैज्ञानिकाला कण मिळतो, दुकान शोधायचं असतं.

पाणी असेल तर वर चालत जायचं. पण ज्या देशात हे सगळं बर्फानं वाहून नेलंय, तिथे?

[पडद्यावर: फिनलंडचा नकाशा, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा बाण]

1908 साली फिनलंडमध्ये किविसाल्मी इथे कालवा खणताना तांब्याच्या धातुकाचा एक मोठा धोंडा निघाला. आजूबाजूला तसा खडक कुठेच नाही. खाणतज्ज्ञ ऑट्टो ट्रुस्टेड्ट यांनी विचार केला, की हिमयुगात इथला बर्फ वायव्येकडून आग्नेयेकडे सरकला होता. मग ते उलट निघाले, वाटेत तसेच तुकडे हुडकत. 1910 साली सुमारे 50 किलोमीटरवर आउटोकुम्पूला जमिनीत भोक पाडलं आणि खाली तांबं होतं. (पुढे 1960च्या दशकात फिनलंडवाल्यांनी असे गंधकयुक्त धोंडे हुंगून काढायला कुत्रीही शिकवली. आपल्याकडची कुत्री हायवेवर चिवडाच हुंगतात.)

नदी माल निवडून टाकते: इथे गोटे, तिथे वाळू, पुढे गाळ. हिमनदी निवडत नाही. धोंडा, खडी, माती सगळं कालवून एकाच ढिगात सोडते. त्या कालव्याला टिल म्हणतात. शिवाय जाड बर्फ टेकडी चढूनही जातो, त्यामुळे उतार बघून उपयोग नाही. दिशा वाचायची ती खडकावर ओरखडलेल्या रेघांवरून, आणि टिलमधले लांबट गोटे कुठे तोंड करून पडलेत त्यावरून. रेघांवर रेघा असतात. बर्फानं वाट बदललेली असते. आधीची कुठली, नंतरची कुठली, इथे चुकलात तर सगळी मोहीम भलत्या दिशेला.

नमुना वरवर खरवडून चालत नाही. वरच्या थरात हवापाण्यानं गंधकाची खनिजं कुजून गेलेली असतात. खाली ताज्या टिलपर्यंत खणायचं, दहाएक किलो माती पोत्यात भरायची, धुऊन जड कण वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं एकेक उचलायचा. सोन्याचा कण कोरा, कडा धारदार असेल तर मूळ जवळ. वाकलेला, गोटा झालेला असेल तर लांबून आलेला.

कॅनडात चक फिप्के आणि स्ट्युअर्ट ब्लुसन हे भूवैज्ञानिक हिऱ्यांच्या मागावर होते, पण हिरे शोधत नव्हते. हिऱ्यासोबत वर येणाऱ्या लालजांभळ्या गार्नेट आणि हिरव्या क्रोम डायॉप्साइड या खनिजांचे कण शोधत होते, कारण ते हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतात. बर्फाच्या वाटेच्या उलट, शेकडो किलोमीटर पूर्वेला नमुने घेत ते लाक द ग्रास या तळ्याच्या परिसरात पोचले. 1991 साली तिथल्या एका तळ्याखाली किम्बरलाइट, म्हणजे खोलातून हिरे वर आणणारा खडक, लागला. तळ्याखालीच का? किम्बरलाइट आजूबाजूच्या खडकापेक्षा मऊ, बर्फानं तो जास्त खरवडला, खड्डा झाला, पाणी साचलं. 1998 साली त्या परिसरात एकाटी खाण सुरू झाली.

महाराष्ट्रातही बर्फ होता, बरं का. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ चुनखडीच्या खडकावर त्याच्या रेघा आहेत, 1875 साली नोंदवलेल्या. पण तो बर्फ जवळपास 30 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानं टाकलेल्या गोट्यांचा आता खडक झालाय.

[पडद्यावर: पुन्हा लांबोटी. कागदावरची काळी पूड]

आपल्याला मात्र पाणीच वाचायचंय. आणि ही पुडी वाचण्यालायक नाही. आपण ती पुलाच्या खालच्या अंगाला घेतली. वरून पडलेला गंज, नटबोल्टचा चुरा, वेल्डिंगचे कण, सगळं यात आलंय. टाकून देऊ. चुंबक पुसून घ्या, वरच्या अंगाला दोनशे पावलं चाला, आणि तिथून पुन्हा.