मिरचीच्या आधी रानात काय होतं?

मंडळी, नव्या रानात मिरची-भाजीपाल्याची सुरुवात कशी करायची, हा आजचा विषय. त्याआधी माझं एक जुनं म्हणणं ऐका. जिथं जाईन तिथं पोरं विचारतात, "काका, संकेश्वरी लावू की ब्याडगी?" रानात आजवर काय होतं, हे कुणी बोलत नाही.

निपाणीचा भाग म्हणजे तंबाखूचा पट्टा, तिथं तर हे पहिलं विचारायला पाहिजे. मिरची, तंबाखू, टोमॅटो, वांगी, बटाटा, सगळी एकाच कुळातली पिकं. वांगं तेवढं इथलं. बाकीची अमेरिकेची. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि घाट चढून आपल्या ठेच्यात आली. कूळ एक म्हणून रोगही बरेचसे एक.

माझ्या मेहुण्याच्या पोरानं वीस गुंठे रान खंडानं घेतलं. मालक म्हणाला, मिरची इथं कधी लागलीच नाही, रान कोरं आहे. ते खरंच होतं, पण तंबाखू होती, वर्षानुवर्षं. पोरानं हौसेनं ठिबक टाकलं, मल्चिंग अंथरलं, ट्रेतली रोपं आणली. सुरुवातीला झाडं अशी की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. मग दुपारी माना टाकायला लागली, संध्याकाळी परत उभी. औषधाच्या दुकानात गेला. मर रोग आहे म्हणून बुरशीनाशक दिलं. फरक नाही म्हटल्यावर त्याहून महागडं दिलं. माझा राग आहे तो इथं. रानात पाय न ठेवता, मूळ न बघता बाटली काढून देतात, आणि पैसे जातात पोराचे.

मी खुरप्यानं एक झाड मुळासकट उचललं, बादलीत हळू धुतलं. मुळ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ नखानं सुटून येते. ही सुटत नाही, कारण मुळीच फुगलेली असते. हे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत. डोळ्याला दिसत नाहीत, तंबाखूच्या मुळांवर पोसतात आणि मातीत राहतात. बुरशीनाशक त्यांना काय करणार?

आणखी एक सांगतो. इथं कुणाच्या खिशात चंची नाही, हात वर करा. (हशा) तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो. तंबाखू मळलेल्या हातानं रोप धरलं की तो मिरचीत शिरतो. लावणीच्या बायकांना, गड्यांना बांधावर साबण-पाणी ठेवा. लाजू नका, तसं स्पष्ट सांगा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, म्हणून आता भराभर सांगतो.

माती तपासून घ्या. खानापूरकडं तांबडी माती आणि पाऊस दणकून, तिथं आधी पाण्याचा निचरा बघा. काळ्या रानात उंच वरंबा पाहिजेच. तंबाखू, वांगी, बटाटा झालेल्या रानात पहिल्या वर्षी मिरची नको. भेंडी आणि काकडीही नको, गाठीच्या सूत्रकृमीला ती फार आवडतात. मिरगाला ताग पेरा, ४५ दिवसांत कळी धरली की गाडा. मग झेंडू लावा, दिवाळीला फुलांचे पैसेही होतात आणि सूत्रकृमीही दबतात. त्याच्यामागं कांदा नाहीतर लसूण घ्या. पुढच्या मिरगाला निंबोळी पेंड घालून मिरची, ६० बाय ४५ सेंटिमीटरवर, पण दहा गुंठ्यांपेक्षा जास्त नको. पांढऱ्या माशीला अडवायला कडेनं मका दाट पेरा. ती पसरवते त्या चुरडा-मुरडा रोगानं पानं आकसलेलं झाड दिसलं की उपटून रानाबाहेर नेऊन जाळा.

जातीचं विचारलं होतं. ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या रंगामुळं, तिखटपणा कमी. ती वाळवून विकायची, म्हणजे वाळवायला जागा आणि उघडं ऊन लागतं. तेवढी सोय नसेल तर हिरवी तोडा. बेळगावातून गोव्याला रोज भाजी जाते, हातात रोकड खेळती राहते.