हात शिवशिवतो तिथेच घात

काळुंदर खाल्ला नाही असा गोवेकर इथं कुणी बसला असेल असं वाटत नाही. रवा लावून तव्यावर टाकतो तो मासा सिक्लिड कुळातला. त्यामुळे सिक्लिड म्हणजे परदेशातून आलेली नाजूक चीज, हा समज आधी सोडा. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीत, पाणी निवळलं की काळुंदराची जोडी पिल्लांचा पुंजका राखत फिरते. नर-मादी दोघंही राखण करतात. पिल्लं राखणं हीच या कुळाची खोड.

घरच्या टाकीत सिक्लिडची पिल्लं काढायला सुरुवात करायची तर त्याच कुळातला एंजल मासा घ्या. सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवा. जोडी त्यांची ते जमवतात, आपण पत्रिका बघायची नाही. दोघं मिळून बाकीच्यांना कोपऱ्यात रेटू लागली की त्यांना वेगळी टाकी द्या. 80-100 लिटरची, स्पंज फिल्टर, आणि पीव्हीसी पाइपचा एक तुकडा तिरका टेकवून. आपल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, किंचित आम्ल. एंजलला ते मानवतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडना नाही मानवत. त्यांच्यासाठी पाणी जड करायला मी खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले उकळून फिल्टरमध्ये घालतो.

मादी पाइपवर ओळीनं अंडी चिकटवत जाते, मागून नर फिरतो. मग दोघं आळीपाळीनं परांनी पाणी हलवत राहतात. पांढरं पडलेलं अंडं तोंडानं वेचतात.

इथंच माझा हात शिवशिवायचा. पहिल्या दोन खेपांना जोडीनं अंडी खाल्ली. तिसऱ्या खेपेला मी पाइपच उचलून बरणीत नेला, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्ल्यू घातलं. पिल्लं निघाली. पावसाळ्यातली रात्र, वीज गेली, एअर पंप बंद. सकाळी सगळी तळाला. चौथ्या खेपेला वैतागून काहीच केलं नाही. रात्री एक बारका दिवा चालू ठेवला, काचेला बाहेरून वर्तमानपत्र लावलं. त्या जोडीनं पिल्लं वाढवली! नवी जोडी एक-दोनदा अंडी खाणारच, तिला शिकू द्या.

28 अंश तापमानाला दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पाइपला चिकटून नुसती वळवळतात. तेव्हा काही खायला घालू नका, पोटाशी पिवळी शिदोरी असते. आणखी चार-पाच दिवसांनी ती पोहू लागतात, आणि त्याच दिवशी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक जिवंत जीव, खाद्य म्हणून तयार हवा. लिटरभर पाण्यात 25-30 ग्रॅम मीठ, खालून जोरात हवा. सुमारे 24 तासांत आर्टेमियाची अंडी फुटतात. मी मिठागरातलं जाडं मीठ वापरतो. पिल्लांना घालण्याआधी आर्टेमिया गोड्या पाण्यात धुवा. घातल्यावर दहा मिनिटांनी भिंग धरून बघा: पारदर्शक पिल्लाच्या पोटात नारिंगी ठिपका दिसला की ते खातंय. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं द्या, आणि उरलेलं बारीक नळीनं काढा.

जास्तीची पिल्लं ओढ्यात मात्र सोडायची नाहीत. 1952 साली देशात आणलेला तिलापियाही सिक्लिडच, आणि आज तो खाजनात काळुंदराच्या शेजारी मुक्कामाला आहे. माझी पिल्लं नाण्याएवढी झाली की म्हापशातला एक दुकानदार नेतो. बदल्यात माशांचं खाद्य देतो. पैशांचं विचारलं की चहा मागवतो.