पडवीतला करंट

(हर्णै बंदर, संध्याकाळ)

समोर सुवर्णदुर्ग, आणि वाळूवर लिलावाची बोली चढते आहे. सुरमई, बांगडे, आणि त्या ढिगात एक चपटं पाकट. याच्या भाऊबंदांतला एक मासा अंगातून वीज सोडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाउटच्या, म्हणजे सांधा सुजून ठणकण्याच्या आजाराच्या रुग्णाला तसल्या जिवंत माशावर पाय ठेवायला लावायचा. पाय बधिर होईपर्यंत!

मावशींनी याच वाळूवर टोपली घेऊन जन्म काढला. आता गुडघे झिजले. माजघर ते पडवी, एवढंच चालणं. चालणं सुटलं, शुगर वाढली.

(पडवी. मांडीवर करंट देणाऱ्या मशीनचे पॅड)

फिजिओथेरपिस्ट ताईंचे हात बघा. आधी ओल्या फडक्याने मांडी पुसली, कारण खोबरेल राहिलं तर पॅड नीट बसत नाही आणि करंट टोचतो. एक पॅड मांडीवर वरच्या बाजूला, दुसरं गुडघ्याच्या चार बोटं वर. मग बटण हळूहळू फिरतं. आधी मुंग्या, मग स्नायू टरारून वर येतो. "मावशी, टोचलं तर लगेच सांगा हां."

शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी हा एक. इन्सुलिनच्या हाकेवर रक्तातली साखर सर्वाधिक उचलतात ते स्नायूच. हाक आली की ग्लुट-४ नावाचे वाहक पेशीच्या आतून पडद्यावर येतात आणि साखर आत घेतात. टाइप २ मधुमेहात स्नायूला ही हाक नीट ऐकू येत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की तेच वाहक इन्सुलिनची वाट न बघता वर येतात, मग आकुंचन मेंदूने घडवलेलं असो की बॅटरीने. शिवाय सावकाश चालताना आधी स्नायूतले संथ तंतू कामाला लागतात. करंट जलद तंतूंनाही सुरुवातीपासून ओढतो, आणि त्यांना साखरच जास्त लागते.

क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी पायांना २० मिनिटं असा करंट देऊन पाहिला. तेवढाच प्राणवायू खर्चणाऱ्या सायकलिंगपेक्षा शरीराने साखर जास्त उचलली, असं त्यांनी २००४ साली छापलं. माणसं मात्र निरोगी होती.

पेसमेकर असेल तर हे मशीन लावायचं नाही, गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, आणि ज्याला चालता येतं त्याने चालावं.

(पॅड निघतात)

मावशी भिंतीला धरून उठतात. पायरीपर्यंत येतात. रस्त्यावरून टोपली चालली आहे. मावशी तिथूनच विचारतात, "बांगडा काय भावाने गेला गो?"